कर्जमाफीतला ‘पात्र’ हा शब्द

(कबनूर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



समीक्षा म्हटलं की लोकांना पुस्तक आठवतं. आज मी एका शब्दाची समीक्षा करणार आहे, आणि तो शब्द कुठल्या कवितेतला नाही, सरकारी कागदावरचा आहे. ‘पात्र’. पात्र लाभार्थी, पात्र कर्ज, पात्र सेवा. आणि त्याच्या मागोमाग येणारा त्याचा भाऊ, ‘अपात्र’. आयोजकांना विषय सांगितला तेव्हा ते म्हणाले, सर, म्हणजे शेतकऱ्यांच्या कर्जमाफीवर का? तीही येईल. पण सुरुवात विद्यार्थ्यांच्या कर्जापासून करतो, कारण विषय सुचला तो एका फोनमुळे.

माझ्या पुतणीची मुलगी अमेरिकेत वकील आहे. जन्म तिकडचाच. मराठी चांगलं बोलते, चिडली की मात्र इंग्रजीत जाते. कायद्याचं शिक्षण तिनं तिथल्या केंद्र सरकारच्या कर्जावर घेतलं. पास झाल्यावर बड्या फर्ममध्ये न जाता ती स्थलांतरितांना कायद्याची मदत करणाऱ्या एका ना-नफा संस्थेत लागली. पगार बेताचा. पण तिचा हिशेब असा होता की तिकडं २००७ साली एक कायदा झालेला आहे. सरकारी किंवा ना-नफा संस्थेत पूर्णवेळ काम करायचं, ते करत असताना कर्जाचे १२० मासिक हप्ते भरायचे, आणि मग उरलेलं कर्ज माफ. म्हणजे किमान दहा वर्षं. तिचे ९७ हप्ते भरून झालेत.

मार्च २०२५ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांचा एक आदेश निघाला आणि ऑक्टोबरमध्ये त्याचा नियम झाला. अंमलाची तारीख १ जुलै २०२६. नियम असा की एखाद्या संस्थेचा हेतू बऱ्याच अंशी बेकायदेशीर आहे असं शिक्षणमंत्र्यांनी ठरवलं, तर त्या संस्थेतली नोकरी सार्वजनिक सेवा म्हणून धरली जाणार नाही. स्थलांतराचे कायदे मोडायला मदत करणं हा त्यातला एक हेतू. आता स्थलांतरितांचं वकीलपत्र घेणं म्हणजे कायदा मोडायला मदत करणं नव्हे, हे कुठलाही वकील सांगेल. पण ठरवणारा वकील नाही, मंत्री आहे. तिच्या संस्थेला अजून कुणी अपात्र म्हटलेलं नाही. कदाचित कधी म्हणणारही नाहीत. अपात्र ठरलीच, तरी आधीचे हप्ते मोजले जातील, त्या दिवसानंतरचे मोजले जाणार नाहीत, एवढं नियमात आहे. ते प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. पण ९७ हप्त्यांना माफी ९७ हप्त्यांएवढी मिळत नाही. १२० झाले तर सगळं, ११९ झाले तर काहीच नाही.

ती मला म्हणाली, “आजोबा, मी कामात चुकले तर मला कळेल. पण मी बरोबर असूनही अपात्र ठरू शकते, आणि ते कधी, हे कुणी सांगू शकत नाही. थांबू की सोडू?”

मला अमेरिकेचा कायदा काय कळतो? पण हा प्रश्न मला ओळखीचा होता. पन्नास वर्षांपूर्वी मी याच गावात त्याच प्रश्नापुढं उभा राहिलो होतो.

तरुण मंडळींना हे माहीत नसेल. १९६३-६४ साली आपल्या केंद्र सरकारनं राष्ट्रीय कर्ज शिष्यवृत्ती योजना सुरू केली. हुशार पण गरजू मुलांना बिनव्याजी पैसे. नावातच गंमत बघा, कर्जही आणि शिष्यवृत्तीही. नोकरी लागल्यावर फेडायचं. पण त्यात एक कलम होतं. कर्ज घेतलेला मुलगा पुढं शिक्षक झाला, तर त्याच्या सेवेच्या दर वर्षामागं कर्जाचा दहावा हिस्सा सोडून द्यायचा. दहा वर्षं शिकवलं की कर्ज फिटलं. ही कल्पना आपल्याकडंच जन्मली असंही नाही. अमेरिकेत १९५८ च्या एका कायद्यात शाळाशिक्षकांना वर्षाला दहा टक्के, जास्तीत जास्त निम्मं कर्ज सोडत असत. पण आपली योजना पूर्ण कर्ज सोडणारी होती. चांगली योजना होती, हे मी आजही म्हणतो.

मी त्या पैशावर शिकलो. माझे वडील यंत्रमागावर जॉबर होते. बाँडवर जामीनदार म्हणून त्यांची सही. सही म्हणजे नाव तेवढं लिहायला यायचं. तत्त्वज्ञानात एम.ए. झालो आणि एका कॉलेजात लागलो, पण रजेच्या जागेवर. दोन वर्षं तसाच, दरवर्षी नवी ऑर्डर. त्याच सुमारास बँकेच्या परीक्षेत पास होऊन नेमणुकीचं पत्र आलं होतं. पगार जवळजवळ दीडपट. मी गेलो नाही. आजवर अनेक सत्कारांत मी सांगितलंय की तत्त्वज्ञानाच्या ओढीनं थांबलो. ते खोटं नाही, पण पुरं खरंही नाही. वर्षाला दहावा हिस्सा कमी होतोय, हाही हिशेब त्यात होता.

आणि मग एका कार्यालयाचं पत्र आलं. पहिली दोन वर्षं धरता येत नाहीत. रजेच्या जागेवरच्या नेमणुकीला विद्यापीठाची मान्यता नव्हती, सबब ती सेवा पात्र नाही. मी त्या दोन वर्षांत तास घेतले होते, पेपर तपासले होते, मुलं पास झाली होती. तर्कशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला हे कोडं पडलं की शिकवलं तर मी होतं, मग न शिकवल्याचा दाखला कुणी दिला? पत्रव्यवहार केला. उत्तर यायला आठ-आठ महिने. मधल्या काळात नोटीस गेली जामीनदाराला, म्हणजे इथं, वडिलांना. त्यांनी मला कळवलंच नाही. दोन वर्षांचे दोन हिस्से त्यांनी परस्पर भरून टाकले. मला कळलं ते दिवाळीला घरी आल्यावर, आईकडून. मी चिडलो. म्हटलं, अण्णा, आपण लढत होतो, देणं लागत नव्हतो. ते म्हणाले, “सही माझी हाय. सरकार म्हणतंय न्हाई फिटलं, म्हंजे न्हाई फिटलं.”

रक्कम आज सांगितली तर तुम्ही हसाल. पण तो माणूस पिकावर मजुरी मिळणाऱ्या धंद्यातला होता. त्याला जेवढी पिकं विणली तेवढे पैसे, आठवड्याला, हा न्याय माहीत होता. खर्चीवाल्याकडं सूत व्यापाऱ्याचं असतं, माग आपला असतो, मजुरी कापडावर मिळते. कापडात डाग निघाला तर कापून घेतात, त्यावर भांडण होतं, पण भांडण डागावर होतं. ‘तू विणलंस ते विणणंच नव्हतं’ असं इचलकरंजीच्या बाजारात कुठला व्यापारी म्हणाल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता शब्दाकडं येतो. ‘पात्र’ म्हणजे भांडं. नदीचंही पात्र असतं, नाटकातही असतं. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे प्रकार सांगितलेत. त्यात देश, काळ आणि पात्र बघून दिलेलं दान सात्त्विक म्हटलंय. म्हणजे हा शब्द मूळचा दानाच्या भाषेतला. देणारा वर, घेणारा खाली, आणि घेणारा योग्य आहे की नाही हे देणाऱ्यानं बघायचं. दानात ते ठीक आहे. दान देणारा काही बांधलेला नसतो. पण माझ्या नातीनं कुणाकडं दान मागितलेलं नाही. तिला सांगितलं होतं, अमुक काम दहा वर्षं कर, आम्ही तमुक करू. हा सौदा आहे. सौद्याला दानाची भाषा लावली की घोटाळा होतो. काम करणारा सौदा समजून काम करतो आणि देणारा शेवटी दाता होऊन बसतो.

‘माफी’ शब्दाचंही तेच. माफी गुन्ह्याची मागतात. शरद जोशी कर्जमाफी न म्हणता कर्जमुक्ती म्हणा असा आग्रह धरायचे, तो उगीच नव्हता. पुढं २०१९ च्या राज्याच्या योजनेच्या नावातही ‘कर्जमुक्ती’ आलं. नाव बदललं, यादीतला ‘पात्र’ तसाच राहिला.

आपल्या परंपरेत या प्रश्नावर सगळ्यांत बारकाईनं विचार केला तो मीमांसकांनी. थोडं कंटाळवाणं होईल, पाच मिनिटं सहन करा. वेद सांगतो, स्वर्ग हवा असलेल्यानं अमुक याग करावा. याग दोन दिवसांत संपतो. स्वर्ग मेल्यावर. मग मधल्या वीस-तीस वर्षांत त्या कर्माचं काय होतं? कर्म तर संपून गेलं, संपलेली गोष्ट फळ कशी देणार? शबरस्वामी आणि कुमारिल यांनी याचं उत्तर दिलं, ‘अपूर्व’. कर्म संपलं तरी त्यातून एक न दिसणारी शक्ती निर्माण होते, आणि ती फळ मिळेपर्यंत टिकते. तुम्ही अपूर्व माना किंवा मानू नका, मीही मानत नाही. पण प्रश्न किती नेमका आहे बघा. आज भरलेला हप्ता आणि दहा वर्षांनी मिळणारी मुक्ती यांच्यामध्ये काय टिकून राहतं? आधुनिक राज्यात ते एकच असू शकतं, राज्याचा शब्द. सरकारं बदलतील, मंत्री बदलतील, पण दिलेला शब्द टिकेल, या भरवशावर बावीस वर्षांचं पोर दहा वर्षांचा निर्णय घेतं.

दुसरी गोष्ट. जैमिनीच्या सूत्रांचा अख्खा सहावा अध्याय ‘अधिकार’ या विषयावर आहे. याग कुणी करावा, म्हणजे आजच्या भाषेत पात्रता. त्यात प्रश्न येतो की ज्याच्याकडं धन नाही त्याला अधिकार आहे का? उत्तर, आहे. धन आज नसेल, उद्या मिळवता येतं, गरिबी हा काही कायमचा गुण नाही. वाचताना बरं वाटतं. आणि त्याच अध्यायात शूद्राला अधिकार नाही असा निवाडा आहे. बादरी नावाच्या आचार्यांचं मत होतं की सर्वांना अधिकार आहे. जैमिनीनं ते नोंदवलं आणि बाजूला सारलं. कोल्हापुरात वेदोक्ताचं प्रकरण झालं, खुद्द छत्रपतींना ‘तुम्ही पात्र नाही’ म्हणण्यापर्यंत मजल गेली, त्याची मुळं त्या सहाव्या अध्यायापर्यंत जातात. तेव्हा मीमांसकांची आरती ओवाळायला मी इथं आलेलो नाही.

पण एक कबूल करावं लागतं. इतके कठोर, इतके अन्यायीही, पण त्यांनी अधिकाराचा प्रश्न कर्माच्या आधी ठेवला. तुला अधिकार नाही, करू नकोस, असं आधी सांगितलं. याग पुरा झाला, दक्षिणा दिली, तूप जळून गेलं, आणि मग ‘तुझा अधिकार तपासायचा राहिला होता’, असं ते म्हणाले नाहीत. ते आपण म्हणतो.

कोण म्हणतं? आपल्या जिल्ह्याचंच उदाहरण घ्या. २००८ ची केंद्राची शेतकरी कर्जमाफी. ३१ मार्च २००७ पर्यंत दिलेलं, ३१ डिसेंबर २००७ ला थकलेलं कर्ज. दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण माफी. कोल्हापूर जिल्ह्यात सेवा संस्थांतून याद्या झाल्या, रक्कम आली, बोजा उतरला. नंतर नाबार्डनं तपासणी केली आणि सांगितलं की पीककर्जाच्या कमाल मर्यादेपेक्षा जादा दिलेलं कर्ज माफीला पात्र नाही. सुमारे ११२ कोटी रुपये परत घेतले गेले. चाळीस हजारांहून जास्त शेतकऱ्यांच्या खात्यावर मिटलेलं कर्ज पुन्हा उभं राहिलं. शेतकरी उच्च न्यायालयात गेले, तिथं निकाल त्यांच्या बाजूनं लागला, नाबार्ड सर्वोच्च न्यायालयात गेली. कागद बघितला तर त्यात सगळं आहे, एक प्रश्न सोडून. मर्यादेपेक्षा जादा कर्ज दिलं कुणी? मंजूर करणारी संस्था, पैसे देणारी बँक. शेतकऱ्यानं मंजूर झालं तेवढं उचललं. चूक असलीच तर देणाऱ्याची, आणि अपात्र ठरला घेणारा.

अमेरिकेत अगदी हेच घडलं. तिथल्या वकिलांच्या संघटनेत, अमेरिकन बार असोसिएशनमध्ये, काम करणाऱ्या लोकांना कर्ज सांभाळणाऱ्या कंपनीनं पत्रं दिली होती की तुमची नोकरी पात्र आहे. काही वर्षांनी कळवलं, नाही, नव्हतीच. २०१६ च्या डिसेंबरात ते कोर्टात गेले. तेव्हा शिक्षण खात्यानं कोर्टात सांगितलं की ती पत्रं म्हणजे खात्याचा अंतिम निर्णय नव्हे. म्हणजे पत्र खात्याच्या वतीनं गेलेलं, मजकूर ‘पात्र’, आणि अर्थ ‘बघू’. २०१९ च्या फेब्रुवारीत न्यायाधीशांनी चार फिर्यादींपैकी तिघांच्या बाजूनं निकाल दिला. पण बाकीच्यांचं काय? योजनेचे पहिले अर्ज २०१७ च्या शरदात करता येऊ लागले. वर्षभरात जवळपास २८ हजार लोकांनी अर्ज केले, आणि त्या पहिल्या आकड्यांत कर्ज माफ झालेले निघाले ९६. हजार नव्हे, नुसते शहाण्णव. कुणाचं कर्ज चुकीच्या प्रकारचं, कुणाची परतफेडीची पद्धत चुकीची, कुणाचे हप्ते मोजणीत बसेनात. पुढं २०२१ मध्ये अटी काही काळ सैल केल्या, जुने हप्ते पुन्हा मोजले, आणि २०२५ च्या सुरुवातीपर्यंत दहा लाखांहून जास्त लोक मुक्त झाले. माणसं तीच, नोकऱ्या त्याच, हप्तेही तेच. बदलली ती फक्त मोजणी.

तुम्ही म्हणाल, सर, अटी नकोत का? बोगस लोक घुसतात. घुसतात. २००८ च्या माफीवर कॅगचा जो अहवाल २०१३ मध्ये आला, त्यात अपात्रांना लाभ मिळाल्याचीही नोंद आहे आणि पात्र शेतकरी सुटून गेल्याचीही. अटी हव्यातच. मी शिक्षक आहे, हजेरी घेतल्याशिवाय टर्म ग्रँट केलेली नाही. माझं भांडण अट कधी तपासायची यावर आहे. हजेरी रोज घेतात. वर्षअखेरीला ‘जूनमध्ये तू बसला होतास तो वर्ग, वर्ग नव्हता’ असं मी मुलाला सांगितलं असतं तर त्यानं काय करावं? खोटा दाखला देणाऱ्याला जरूर पकडा, कधीही पकडा. पण खऱ्या दाखल्यावर राज्यानं एकदा ‘पात्र’ लिहिलं की ते राज्यावर बंधनकारक झालं पाहिजे. आणि ते वर्षाच्या वर्षाला व्हायला हवं. आमची ती जुनी दहाव्या हिश्श्याची योजना इथं अमेरिकेपेक्षा शहाणी होती. माझी दोन वर्षं बुडाली, पण बाकीची आठ बुडाली नाहीत. मी पाचव्या वर्षी शिकवणं सोडलं असतं तरी झालेले हिस्से माझेच राहिले असते.

आणखी एक करार सांगतो आणि थांबतो. ४ जून १९१३. बडोद्यात भीमराव आंबेडकर नावाच्या बावीस वर्षांच्या तरुणानं एका करारावर सही केली. सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, कोलंबिया विद्यापीठात शिक्षण. बदल्यात परत आल्यावर बडोदा संस्थानची दहा वर्षं नोकरी. तीच दहा वर्षं, बघा. सयाजीरावांचं मोठेपण निर्विवाद आहे, ते मी कमी करत नाही. १९१७ च्या सप्टेंबरात आंबेडकर कराराप्रमाणे बडोद्यात हजर झाले. राहायला जागा मिळेना. पारशांच्या धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर काढलं. हिंदू मित्रानं, ख्रिस्ती मित्रानं, कुणी घरात घेतलं नाही. कामाठी बागेत बसून त्यांनी मुंबईच्या गाडीची वाट बघितली. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय.

पैशाच्या हिशेबाची गोष्ट बाजूला ठेवा, मला करार बघायचा आहे. करारानुसार दहा वर्षं सेवा. झाली किती? काही आठवडे. कुठल्याही कारकुनाला विचारा, तो शेरा मारेल, अट पूर्ण नाही, अपात्र. करारात विद्यार्थ्यानं काय करायचं ते सगळं होतं. तो सेवेला आल्यावर त्याला गावात राहता येईल एवढं बघणं कुणाचं काम, हे त्यात नव्हतं. सेवेची अट घालणाऱ्यानं सेवा शक्य करून देण्याची जबाबदारी घेतली नाही, आणि तरी कागदावर करार मोडला तो आंबेडकरांनी. अडीच वर्षांनी, २१ आणि २२ मार्च १९२० ला, इथून जवळ, याच आपल्या हातकणंगले तालुक्यात माणगावला परिषद झाली. शाहू महाराज तिथं आले आणि त्यांनी लोकांना सांगितलं, हा तुमचा पुढारी. ज्याला बडोद्यात नोकरी टिकवता आली नाही त्याच्याबद्दल. सार्वजनिक सेवा कशाला म्हणायचं हे बडोद्याच्या कराराला कळलं नव्हतं, माणगावच्या मांडवातल्या लोकांना कळत होतं. माझ्या नातीला मी ही गोष्ट सांगितली. तिला आंबेडकर माहीत होते, करार माहीत नव्हता. बराच वेळ गप्प होती.

मग तिनं पुन्हा तोच प्रश्न विचारला. थांबू की सोडू? मी म्हटलं, मी थांबलो होतो, पण माझं सगळं कर्ज तुझ्या एका हप्त्याएवढंही नव्हतं, आणि उरलेलं माझ्या बापानं भरलं. तेव्हा माझं उदाहरण घेऊ नकोस. एवढंच कर की नोकरीचा दाखला दरवर्षी, त्या त्या वर्षीच, भरून घे, आणि आलेलं प्रत्येक पत्र जपून ठेव. ती म्हणाली, ते मी करतेच आजोबा, पण पत्राला पत्र म्हणायचं की नाही हेच तर कोर्टात चाललं होतं ना?

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. परवा तिचा मेसेज आला. फक्त आकडा होता, ९८.